डावी बाजू कोरडी ठेवणे

६ जुलै १९८२, मंगळवार. कर्जत

आज पहिलीतल्या पोरीला ढकललं. मी.

बेचा पाढा न अडखळता म्हणाली, म्हणून शाबास म्हटलं. तर धावत आली आणि मी खुर्चीत होते तशीच मला मिठी मारली. तोंड बरोबर डाव्या बाजूला. माझा हात कधी उठला कळलंच नाही. पोर बाकावर आपटली, कोपर सोललं. रडली नाही, नुसती बघत राहिली. सोळा वर्षांच्या नोकरीत छडी पुष्कळदा उचलली, पण असं कधी केलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. "आणखी थोडी रजा घेता का?" ऑपरेशन आणि विजेचे शेक मिळून सहा महिने रजा झाली. परत येऊन वर्ष उलटलं. आता घरी बसून काय करू? छाती काढली त्यांनी, डोकं नाही.

आमच्या सुमीनं पाहिलं की काय? तिचा दुसरीचा वर्ग मधल्या पार्टिशनच्या पलीकडं. घरी आली. दप्तर टाकलं आणि आजीच्या मांडीवर.

९ जुलै, शुक्र

गावातल्या आपल्या डॉक्टरांकडे गेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुंबईवाल्यांनी रोग काढला. आता तुम्ही स्वतः घरी या." मी म्हटलं, मी काय स्टेशनावर राहते? हसले नाहीत. चिठ्ठी दिली.

खोपोलीत शिळफाट्याला एक बाई आहेत. नवरा तिकडच्या कारखान्यात इंजिनिअर, स्वतः परदेशात शिकून आलेल्या. कॅन्सरचे उपचार होऊन गेलेल्यांसाठी मनाचा उपचार करतात, पण सुरुवात अंगापासून. दर शनिवारी दुपारी, एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत.

मनाचा उपचार. म्हणजे वेडी ठरले एकदाची. सासूबाईंना "हाताच्या व्यायामाला जाते" म्हणून सांगितलं. त्यांच्यापुढं मन वगैरे काढायची सोय नाही.

१७ जुलै, शनि

सकाळची शाळा आटपून खोपोलीची गाडी. डब्यात माणसं नव्हतीच. केळवलीला एक जण कोंबड्या घेऊन चढला, तेवढीच सोबत.

खोलीत सतरंजी, उशा, एक खिडकी. टेबल नाही. समोर टेबल नसलं की मला हात कुठं ठेवायचे कळत नाही. वसुधाताई माझ्याहून लहान, पस्तिशीच्या असतील. काही लिहून घेतलं नाही, औषध नाही. म्हणाल्या, "पाय जमिनीला कुठं कुठं टेकलेत ते बघा." बघितले. टाच, चवडा. पुढं? पुढं काही नाही. अर्धा तास पाय. मग श्वास. माझा गळ्याखाली उतरत नाही म्हणे. म्हटलं, जिवंत आहे त्या अर्थी उतरत असावा.

आणखी एक पेशंट. हौसाबाई, साजगावची, भातशेतीवाली, पन्नाशीची. ऑपरेशन तेच, तिचं उजवीकडचं. ताईंनी विचारलं, अंगात काय जाणवतंय? "भूक लागलीय. दुसरं काय नाय जानवत." आणि आडवी होऊन झोपलीच. घोरत होती. हेवा वाटला.

मी ब्लाउजात कापसाची गुंडाळी घालते. ती घालत नाही. एक बाजू सपाट, तशीच बाजारात हिंडते.

२७ जुलै, मंगळ

शाळेतून येताना सुमी माझ्या उजव्या बाजूनं चालते, वीतभर अंतर राखून. तसंच शिकवलंय. मी मुंबईहून आले तेव्हा सासूबाईंनी बजावलं होतं, आईच्या अंगाला हात लावायचा नाही, आईला लागेल. मीही मान डोलावली होती. तेव्हा खरंच लागत होतं. पोर पाच वर्षांची. एकदा सांगितलं ते धरून बसली. शाळेत मला 'बाई' म्हणायचं, हेही असंच एकदाच सांगावं लागलं होतं.

आधी कशी होती! मी भाकऱ्या थापायला बसले की मागून येऊन पाठीवर पडायची. गळ्यात हात टाकून झुलत राहायची. मी ओरडायची, "अगं, भाकरी करपली!"

आता एकही भाकरी करपत नाही. तिचं ते ओझं पाठीवर हवंय मला. इतकं हवंय की कधीकधी थापता थापता मान पुढं वाकवून थांबते. सासूबाई विचारतात, पाठ धरली का?

७ ऑगस्ट, शनि

हे लिहायची लाज वाटतेय. तरी लिहिते.

ताई म्हणाल्या, आपला तळहात डाव्या बाजूवर ठेवा, पदरावरून चालेल. मी म्हटलं, तिथं हात नाही लावत मी. कोरडं ठेवायला सांगितलंय. पाणी नाही, साबण नाही, तेल नाही.

"कधी सांगितलं?"

"शेक सुरू केले तेव्हा. जांभळ्या शाईनं रेघा मारल्या होत्या. त्या पुसायच्या नाहीत, कातडी जपायची."

"आणि शेक कधी संपले?"

"गेल्या वर्षी एप्रिलात."

मीच बोटांवर मोजलं. सोळा महिने. सोळा महिने मी अर्ध्या अंगाची आंघोळ करतेय. तांब्या तिरका धरायचा, थेंब तिकडं जाऊ द्यायचा नाही, मग डावीकडून कोरडं फडकं. मागच्या दिवाळीला तेल-उटणंसुद्धा नाही. मध्ये तीनदा मुंबईला दाखवून आले. ते काखेत बोटं घालून गाठ बघतात, ठीक आहे म्हणतात. आंघोळीचं कोण विचारतंय, आणि मी तरी कशाला सांगू? उलट मनातून अभिमान, की एवढ्या पेशंटांत माझ्यासारखं पथ्य कुणी पाळलं नसेल.

हौसाबाई उठून बसली. "अगं बाय माजे! मी तं घरी आल्यावर आठ दिसांत नदीवर जाऊन आंगोल केली."

मला हसू आलं. थांबेचना. मग ते हसू राहिलं नाही.

घरी येऊन पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. शेवटच्या कागदावर स्वच्छ लिहिलंय, कोर्स पूर्ण. मुलांना मी सांगते, सूचना शेवटपर्यंत वाचा.

८ ऑगस्ट, रवि

आंघोळ केली. सगळ्या अंगाची.

पहिले चार तांबे सवयीनं उजवीकडंच गेले. पाचवा डोळे मिटून डावीकडं. काहीच कळलं नाही. तिथली कातडी बधिर आहे. पाणी पडलं ते आवाजावरून समजलं. पण खाली, बरगडीपाशी जिथं बधिरपणा संपतो, तिथं एकदम गरम लागलं. सहावा. सातवा. बंब रिकामा केला. सासूबाई बाहेरून, "अगं, झोप लागली का आत?"

१४ ऑगस्ट, शनि

ताईंचं डोकं फिरलंय. विचारतात, "नियम डॉक्टरांचा होता, काही आठवड्यांचा. सोळा महिने तो सांभाळला कुणी?"

मी म्हटलं, अडाणी समजता का मला? म्हणाल्या, नाही. आणि गप्प बसल्या. त्यांचं ते गप्प बसणं! माझ्या वर्गात असत्या तर बाकावर उभं केलं असतं.

पुन्हा जायचं नाही.

२१ ऑगस्ट, शनि

गेले नाही. उद्या गणपती, घरात शंभर कामं, हे कारण. मोदकाची पिठी झाली, मखर झालं, तीन वाजले. तीनला तिकडं पाय बघायचे असतात. ओट्यापाशी उभी राहून बघितले. टाच, चवडा.

२३ ऑगस्ट, सोम

गणपती दीड दिवसाचा, पोचवून आलो.

ह्यांना सांगितलं शेवटी, आंघोळीचं. ऑपरेशन झाल्यापासून हे बाहेरच्या खोलीत झोपतात. कारखान्याच्या शिफ्टमुळं माझी झोपमोड नको, म्हणून. मीही कधी काही म्हटलं नाही. आधी हसतील वाटलं. हसले नाहीत.

"मला वाटायचं, तुलाच नको असतं."

"काय?"

"कुणी जवळ आलेलं."

खरं लिहायचं तर कोरडं ठेवणं माझ्या सोयीचं होतं. डॉक्टरांचं नाव पुढं केलं की कुणी जवळ येत नाही, कुणाला दाखवावं लागत नाही, आणि मलाही बघावं लागत नाही. ह्यांना लांब ठेवलं, ते कळत होतं. पण त्याच कुंपणाबाहेर पोर राहिली, ते कसं नाही दिसलं?

हे शेजारी बसले होते. हात माझ्या उजव्या खांद्यावर. उठताना म्हणाले, "चहा करतेस?" केला.

४ सप्टेंबर, शनि

गेले. ताईंनी मागच्या गैरहजेरीचं विचारलं नाही. हौसाबाईनं विचारलं. "रुसलीवतीस का गं?" हो म्हटलं.

आज नवीन काम. मी भिंतीशी उभी राहायचं, हौसाबाईनं समोरून हळूहळू चालत यायचं, मला नको वाटेल तिथं मी 'थांब' म्हणायचं. सोपं वाटलं. मी म्हटलं, या, या, अगदी जवळ या. ती चार फरशा आली आणि आपणच थांबली. मी म्हटलं, या ना.

"कशी येऊ? तुजं तोंड ये म्हनतंय नि अंग जा म्हनतंय."

खाली पाहिलं. माझी टाच भिंतीला लागली होती. डावा खांदा मागं ओढलेला, मान ताठ. मी हे सगळं करत होते आणि मला पत्ता नव्हता. म्हणजे सुमीला रोज हेच दिसतं. दीड वर्ष पोर माझ्या अंगाचं ऐकतेय, तोंडाचं नाही.

पुन्हा केलं. या वेळी दोन फरशा उरल्या तेव्हा खरंच थांब म्हटलं. ताई म्हणाल्या, छान. 'थांब' म्हटल्याबद्दल शाबासकी मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली.

१० सप्टेंबर, शुक्र

धीर करून सुमीला सांगितलं. आईचा नियम संपला. आता हात लावला तरी लागत नाही. हवं तेव्हा जवळ यायचं.

आठ दिवस मनात घोकत होते. ती ऐकून घेईल, मग हळूच येईल, मग मी... असं सगळं ठरवलेलं.

"बरं," म्हणाली. आणि लगोऱ्या खेळायला गेली.

तिची काही चूक नाही. सात वर्षांच्या पोराला दीड वर्ष म्हणजे जन्म. आजीच्या कुशीत झोप लागते तिला, पोट दुखलं तर आजीला हाक. तिच्यात काही मोडलेलं नाही, दुरुस्त करायला. वाट मी एकटीच बघतेय. तिला वाट बघायचीच नाहीये, हेच फार लागतं.

हौसाबाईच्या घरी मागं गेले होते. तिची नातवंडं तिच्यावर लोळत होती, एकानं तर सपाट बाजूवर डोकं टेकून पोहे खाल्ले. मी बाहेर बघत बसले होते.

२ ऑक्टोबर, शनि

ताईंना म्हटलं, काही उपाय सांगा. खाऊ देऊ? गोष्ट सांगू? म्हणाल्या, "बोलावू नका. ती घरात असेल तिथं बसा. तुमचा श्वास खाली उतरू दे, खांदा सुटू दे. एवढंच. ती आली नाही तरी बसा."

म्हणजे पोरीच्या मागं न लागता पोरीसाठी बसायचं. सोळा वर्षं मी मुलांना बोलावून, ओरडून, कान धरून जवळ आणते. नुसतं बसायचं कसं ते कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलं नाही.

बसते. ती अभ्यास करते, मी तांदूळ निवडते. खांदा वर चढतो, मी खाली आणते. पुन्हा चढतो.

१९ ऑक्टोबर, मंगळ

मुंबईला दाखवून आले. ठीक आहे म्हणाले. मी विचारलं, आंघोळ करू ना? त्या तरुण डॉक्टरनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी विचारलंय जेवू ना. बाहेर येऊन एकटीच हसले.

या वेळी पदर काढताना भिंतीकडं तोंड केलं नाही.

६ नोव्हेंबर, शनि

मी एकटीच. हौसाबाईची कापणी चालू आहे, हात वर जातो आता, भारा उचलते म्हणे. तिचा निरोप: "मास्तरनीला सांगा, मी मेली नाय, कामाला हाय."

तिच्याशिवाय खोली फार शांत. ताईंसमोर रडले. कशासाठी विचारलं नाही त्यांनी. मीच सांगितलं. छातीसाठी नाही हो, त्या ओझ्यासाठी. माझ्या पाठीवर पडायची तेव्हा चिडायची मी. उतर म्हणायची. किती वेळा उतर म्हटलं असेल.

१४ नोव्हेंबर, रवि. नरक चतुर्दशी

मनात होतं, यंदा सुमीला तेल मी लावीन. वाटी कोमट करून ठेवली होती. ती डोळे चोळत आली आणि सरळ आजीच्या पाटापाशी जाऊन बसली. "आजी, लाव." सासूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच म्हटलं, लावा.

मोरीत माझी आंघोळ काढली, तर सासूबाई मागून आत आल्या. वाटी हातात. "बस खाली." बसले. पाठीला तेल लावायला लागल्या, रगडून, ओट्यावर पुरणाला लागतो तसा जोर. हात फिरत फिरत डाव्या बगलेखाली आला, व्रण सुरू होतो तिथं. थांबला. मीही श्वास धरला. मग हात तसाच पुढं गेला, व्रणावरून, हळू, शेवटापर्यंत.

"मीच पोरीला अडवलं गं," म्हणाल्या. "तुझी फार भीती वाटायची. हातात मरशील असं वाटायचं."

मी म्हटलं, मलाही वाटायचं. उटणं डोळ्यात गेलं म्हणून त्यांनी पाणी ओतलं. उटणं डोळ्यात गेलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर, शुक्र

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू, आणि सुमीच्या डोक्यात उवा. अर्ध्या वर्गाला झाल्यात. सासूबाईंना बारीक दिसत नाही. "तुझी आई बघेल," म्हणाल्या आणि फणी माझ्या हातात दिली. मुद्दाम केलं की काय, देव जाणे.

मागच्या पायरीवर मी, खालच्या पायरीवर ती. पाठ माझ्याकडं, पण अंग चोरून, पुढं वाकलेली. मध्ये हातभर जागा. फणी फिरवली. पंधरा निघाल्या. ती मोजत होती, एकेक ऊ नखावर मारायला मागत होती. "दे, दे, मी मारते." मानेवर तिचा तो जुना तीळ आहे. विसरलेच होते.

झाल्यावर ताडकन उठली आणि पळाली.

२७ नोव्हेंबर, शनि

ताईंना सांगितलं, हातभर जागा. म्हणाल्या, "तुमचा खांदा?" आठवलंच नाही. म्हणजे वर चढला नसावा.

आज घरी यायला गाडी उशिरा. तरी उजेड असताना पोचले, फणी काढली. सात.

२८ नोव्हेंबर, रवि

तीन. आज ती मागं सरकून बसली, फणी पोचत नाही म्हणून मीच म्हटलं होतं. डोकं माझ्या गुडघ्याला. बोलत होती सगळा वेळ. कुणाची पेन्सिल चोरीला गेली, पार्टिशनपलीकडं पहिलीत कुणाला बाईंनी उठाबशा काढायला लावल्या. त्या बाई म्हणजे मीच, पण ती दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती. मीही म्हटलं, फार कडक आहेत का गं त्या बाई? म्हणाली, "हो. पण आता कमी ओरडतात."

३० नोव्हेंबर, मंगळ

दुपारी पायरीवर. ऊन चांगलं होतं, केस मोकळे सोडून फणी फिरवत होते. बोलता बोलता तिचं बोलणं मंदावलं. पेंगायला लागली असावी. मान मागं कलली आणि डोकं येऊन माझ्या अंगावर टेकलं. डावीकडं. आज ब्लाउजात कापूस घातला नव्हता, शाळेला सुट्टी, घरीच होते म्हणून.

मी हलले नाही. तिथं मला काही कळत नाही. बरगडीपाशी मात्र तिच्या केसांची ऊब, आणि डोक्याचं ओझं. आधीच्यापेक्षा जड. दोन वर्षांनी मोठं झालेलं डोकं. फणी हवेत तशीच. अंगणात शेजारणीनं पापड घातले होते, ती काहीतरी विचारत होती, मी तिला हातानंच गप्प केलं.

किती वेळ, सांगता येत नाही. दोन मिनिटं असतील.

मग सुमी दचकून सरळ बसली. मागं वळून माझ्या छातीकडं पाहिलं, मग तोंडाकडं. मी काहीच केलं नाही. हात पुढं केला नाही.

"झालं का?" तिनं विचारलं. "संपल्या उवा?"

सगळं डोकं दोनदा बघून झालं होतं. एकसुद्धा उरली नव्हती.

"नाही," म्हटलं. "अजून आहेत. उद्या बसावं लागेल."

फणीकडं पाहिलं तिनं. फणी स्वच्छ होती.

"बघू," म्हणाली, आणि खेळायला गेली.